अकरा मेंढ्या

ग्लेनिस थ्रेलफॉलने आयुष्यात एकच पुस्तक छापलं, आणि त्या पुस्तकाच्या मजकुरात तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच शब्द होता. बाकी सगळं तिच्या खापरपणजोबांचं, आयझॅक थ्रेलफॉलचं. त्याची रोजनिशी. मुंगीच्या पायांसारखं अक्षर आणि चहा सांडल्यासारखी फिकट शाई. दिवसभर शाळेची बस चालवून आल्यावर ग्लेनिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन बसायची. असे सहा हिवाळे गेले तेव्हा ती रोजनिशी उतरवून झाली. जिथे अक्षर लागलं नाही तिथे तिने टिंबं दिली. जिथे शब्दच नव्हता आणि तो आपल्या अंदाजाने भरावा लागला, तिथे चौकोनी कंस. हा नकला करणाऱ्यांचा जुना नियम. कंसाबाहेरचं मेलेल्याचं, कंसातलं आपलं.

अख्ख्या पुस्तकात असा कंस एकच होता. पान त्रेचाळीस.

‘अकरा [मेंढ्या] कुराजोंगखाली मातीआड. जमीन दगडासारखी. दोन दिवस मोडले. वर दगड रचले.’

मेंढ्यांशिवाय दुसरं काय असणार? आयझॅक डोंगर उतरून मेरिंडूलला आला तोच सहाशे मेंढ्या हाकत. त्या मुलखात माणसं नुसतं ‘चाळीस विकल्या’ म्हणाली तरी काय विकल्या, हे कुणी विचारत नाही. ग्लेनिसनेही विचारलं नाही. तिने कंस टाकला, त्यात शब्द घातला आणि पान उलटलं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. दरम्यान नवरा येऊन गेला. तो नऊ वर्षं टिकला, पण आपलं माहेरचं आडनाव परत घ्यायला ग्लेनिसला एक दुपारही लागली नाही. बसची नोकरी सव्वीस वर्षं करून संपली. आता ती मेरिंडूलच्या इतिहास मंडळाची सचिव होती. मंडळ म्हणजे बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातली स्टेशनमास्तरची खोली, सात सभासद, आणि पाणी उकळायचं एक भांडं, जे सभासदांपेक्षा जास्त नियमित होतं. थ्रेलफॉलांच्या जमिनीवर वरच्या टेकाडाजवळ गड्यांसाठी बांधलेलं एक छोटं घर होतं, त्यात ग्लेनिस राहायची. खाली मोठ्या घरात तिचा थोरला भाऊ नेव्हिल. त्याने लग्नच केलं नाही. कुत्र्यांना आवडलं नसतं, म्हणायचा.

या वर्षी ईस्टरला ‘परत या मेरिंडूलला’ होणार होतं. त्या भागातली गावं आपापल्या पंचविसाव्या, पन्नासाव्या वर्षी हा सोहळा करतात. शहरांत पांगलेल्या नाती-पणत्यांना बोलवायचं, छातीवर नावाची पट्टी लावायची, शाळेत फोटो काढायचा, खोबऱ्यात घोळवलेला केक खायचा आणि कुणाचं शेत कुठं होतं यावरून सभ्यपणे भांडायचं. मेरिंडूलला या खेपेला एकशेपंच्याहत्तर वर्षं होत होती. चारशे माणसांनी नावं कळवली होती. मंडळाचा अध्यक्ष डेस पार्फिट याने ठरवलं की थ्रेलफॉलांच्या कुरणात, त्या जुन्या कुराजोंगच्या झाडाखाली, एक दगडी चौथरा बांधायचा आणि त्यावर पितळी पाटी लावायची. डेस जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्यामुळे सभेत कुणी विरोध करायच्या आत त्याचा ठराव तीन वेळा पुकारून झालेला असायचा.

“दगडसुद्धा तिथंच पडलेत,” डेस म्हणाला होता. “ढीगच आहे. आयझॅकने स्वतःच्या हातांनी रचलेला. बाहेरून कशाला आणायचे?”

सभेत सगळ्यांना ती कल्पना फार गोड वाटली. ग्लेनिसलाही.

*

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ती नेव्हकडे जेवायला गेली. मेंढीचं भाजलेलं मांस, भोपळा आणि नेव्हने नेहमीप्रमाणे जाळलेले बटाटे. मार्चला सरणारा इकडचा उन्हाळा या वर्षी संपायचं नाव घेत नव्हता. बाहेर कापणी झालेली शेतं मेलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी पिवळी पडली होती. जेवताना तिने पिशवीतून पाटीच्या मजकुराचा कागद काढला. डेसला आयझॅकच्या रोजनिशीतलं एखादं वाक्य हवं होतं. पहिल्या माणसांचे हाल कळतील असं. तिने निवडलं होतं ते वाचून दाखवलं.

“‘अकरा मेंढ्या कुराजोंगखाली मातीआड. जमीन दगडासारखी. दोन दिवस मोडले.’ कसं वाटतं?”

नेव्हच्या तोंडात घास होता. कागदाकडे न बघताच तो म्हणाला, “मेलेली मेंढी कोण पुरतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? कातडं काढायचं, उरलेलं ओढत नेऊन नाल्यात टाकायचं. घारी आहेत, कावळे आहेत. दगडासारख्या जमिनीत दोन दिवस कुदळ मारत बसेल का कुणी मेंढीसाठी? वेडाच असेल तर...”

आणि तो चावायचा थांबला.

घड्याळ चालू होतं. दाराच्या जाळीवर एक माशी आपटत होती. नेव्हने हळूच काटा खाली ठेवला, जणू त्याचा आवाज व्हायला नको होता. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. त्या खिडकीतून ते कुरण दिसत नाही, हे ग्लेनिसला ठाऊक होतं.

“रोग पडला असेल,” ती म्हणाली.

“हं,” नेव्ह म्हणाला. “रोगच पडला असणार.”

मग त्याने उठून दोघांच्याही बशा उचलल्या. त्याची बशी अजून अर्धी भरलेली होती. नेव्हने ताटात अन्न टाकलेलं ग्लेनिसने एकसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं.

*

घरी आल्यावर तिने बिस्किटांच्या जुन्या डब्यातून मूळ रोजनिशी काढली. आधी भिंग सापडेना. सापडलं तेव्हा ते तिच्या हातातच होतं.

मेंढ्या मेल्याच्या नोंदी तिने एकेक शोधल्या. पावसाने छत्तीस मेल्या: कातडी काढली, उरलेलं नाल्यात. रानकुत्र्यांनी चौदा मारल्या: कातडी काढली. खुरांचा रोग: जाळल्या. चार वर्षांच्या रोजनिशीत आयझॅक थ्रेलफॉलने एकही मेंढी पुरली नव्हती. हे तिने स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. शब्दन् शब्द. डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि डोक्यात शिरलं नव्हतं. कारण तेव्हा ती अक्षरं वाचत होती.

त्या अकरांच्या नोंदीच्या आधीचं पान नव्हतं. तेही तिला माहीत होतं. पुस्तकात तळटीप दिली होती तिने: ‘येथे एक पान गहाळ.’ आता तिने शिवणीजवळ बोट फिरवलं. गहाळ झालेलं पान फाटतं, कुरतडलेलं असतं, ओलीने सुटतं. हे सरळ कापलेलं होतं, पात्याने, पट्टी लावून. ज्याने कुणी कापलं त्याला घाई नव्हती.

आणि नंतरची नोंद. तीन दिवसांनंतरची, एका ओळीची. ‘नाल्यावर आता धूर दिसत नाही.’

या ओळीवर तर ग्लेनिसचा भारी जीव होता. तिला वाटायचं, किती एकटं वाटत असेल त्याला. वणवा विझलाय, रान मोकळं झालंय, आणि क्षितिजापर्यंत हा एकटा माणूस. मंडळाच्या मदतीसाठी तिने पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या छापल्या होत्या, त्यांवर नक्षीच्या अक्षरांत हीच ओळ होती. तीनशे पट्ट्या खपल्या होत्या. पोस्टातली बाई अजून एक वापरायची.

धूर वणव्याचा नव्हता. चुलींचा होता. नाल्याकाठी कुणीतरी राहत होतं, रोज चुली पेटवत होतं. आणि मग पेटवत नव्हतं.

ती टेबलाशी बसून राहिली. बाहेर ऊन उतरलं. तिला आठवलं, ब्याऐंशीच्या दुष्काळात बाबांनी शेतावरचा प्रत्येक कुराजोंग छाटला होता. चारा संपला की त्या झाडाचा पाला मेंढ्यांना घालतात. म्हणून तर जमीन साफ करतानाही ती झाडं कुणी तोडत नाही. त्या वर्षी मेंढ्या माती चाटत होत्या. बाबा शिडी घेऊन झाडाझाडाला फिरत होते. फक्त एका कुराजोंगला त्यांनी हात लावला नाही. तेव्हा तिने विचारलं होतं. बाबा म्हणाले, तिथं साप आहेत. त्या कुरणात नांगर घातला नाही तोही सापांमुळे. लहानपणी दोघांना तिकडे खेळायला बंदी तीही सापांमुळेच. एकसष्ट वर्षांत तिने तिथे एकही साप पाहिला नव्हता.

*

मंगळवारी मंडळाची खोली उघडी असायची, दहा ते दोन. साडेदहाला आंटी व्हर्ना आली.

तिला सगळं गाव आंटी व्हर्ना म्हणायचं, तिला नमस्कार न करणारी माणसंसुद्धा. नाल्यापलीकडच्या, पूर्वी मूळ रहिवाशांची वस्ती म्हणायचे त्या भागात ती राहायची. तिची नातवंडं ग्लेनिसच्या बसमधून शाळेत गेली होती. दरवर्षी याच दिवसांत ती एकदा इथे यायची, आयझॅकची रोजनिशी मागायची, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून चष्मा लावायची. पाच मिनिटं. मग पुस्तक परत. एकदा ग्लेनिसने आनंदाने तिला एक प्रत फुकट देऊ केली होती. “इथलंच बरं आहे,” आंटी व्हर्ना म्हणाली होती. ग्लेनिसने मंडळाच्या सभेत सांगितलंही होतं, की आपलं पुस्तक त्या लोकांनाही आवडतं.

आज आंटी व्हर्नाने पुस्तक उघडलं, तेव्हा ते आपोआप एका पानावर उघडलं. अठरा वर्षं फिरलेल्या बोटांनी तिथे घडी पाडली होती. लांबूनसुद्धा ग्लेनिसला पान ओळखू आलं.

ती जवळ गेली. समोर उभी राहिली. हातात निष्कारण एक फडकं होतं.

“आंटी, तुम्ही दरवर्षी हेच पान का बघता?”

आंटी व्हर्नाने चष्म्यावरून पाहिलं. राग नव्हता त्यात. दुकानात उभं राहून दूध नासलंय का हे बघावं, तसं पाहणं.

“तो शब्द अजून आहे का बघायला येते.”

“मग सांगितलं का नाहीत मला? एकदा तरी?”

“मी सांगून काढला असतास, तर मी काढायला लावला असं झालं असतं. मग उद्या दुसऱ्या कुणीतरी येऊन परत घातला असता.” तिने पुस्तक मिटलं. “तुझं तुला कळतंय का, ते बघत होते. आमच्याकडे वेळ आहे. तुझ्या पणजोबाच्या आधीपासून आहे.”

“खापरपणजोबा,” ग्लेनिसच्या तोंडून निघून गेलं. सचिवाची खोड. लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

आंटी व्हर्ना मात्र हसली, थोडीशी. “तेच ते,” ती म्हणाली. मग उठता उठता, काठी शोधत, तिने अगदी सहज विचारलं, “चौथरा बांधताय म्हणे तिथं. दुकानात कागद लावलाय. दगड कुठले घेणार?”

ही वेळ होती. ग्लेनिसला नंतर हे हजार वेळा आठवायचं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दारं उघडी होती. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली. “चहा घेता का?”

आंटी व्हर्नाने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “आज नको.”

*

त्याच दुपारी ग्लेनिस डेस पार्फिटकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो बागेतल्या नळीने गुलाबांना पाणी घालत होता, आणि तिचं बोलून होईपर्यंत एकाच झाडाला घालत राहिला. मग त्याने नळ बंद केला. त्याचं म्हणणं असं पडलं, की रोजनिशीत माणसं असं कुठेही लिहिलेलं नाही. मेंढ्या असंही नाही, ग्लेनिस म्हणाली, ते मी लिहिलंय. मग दोन्ही बाजूंनी सारखंच, डेस म्हणाला. चारशे माणसं येतायत. तंबू ठरलाय. पाटी ओतायला गेलीय. सोहळा होऊ दे, मग शांतपणे बघू. वरच्या लोकांना कळवायचं तर तेव्हा कळवू.

“तेव्हा वर चौथरा असेल, डेस.”

“मग तर ते आणखीच सुरक्षित राहील,” डेस म्हणाला. आणि त्याला हे मनापासून वाटत होतं. त्याची तीच पंचाईत होती. तो वाईट माणूस नव्हता. नवऱ्याने घर सोडलं त्या आठवड्यात त्यानेच तिच्या दारात लाकडं आणून टाकली होती, एक शब्द न बोलता.

येताना ती नेव्हकडे थांबली. नेव्ह शेडमध्ये लोडरला तेल घालत होता. दगड कुणीही हलवायचे नाहीत, शनिवारपर्यंत तरी नाही, ती म्हणाली. मी विचार करतेय.

“कसला विचार?”

“तुला ठाऊक आहे कसला. तुला बाबांनी सांगितलं होतं?”

नेव्हने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

“सांगितलं नाही,” तो म्हणाला. “बाबांनी मला तिथं नेलं होतं. सतरा वर्षांचा होतो. म्हणाले, तुझ्या नावावर होईल तेव्हा इथं नांगर नको, छाटणी नको, प्रश्न नको. त्यांच्या बाबांनी त्यांना असंच सांगितलं होतं. झालं एवढंच. सांगितलं असतं, तर मला ठाऊक झालं असतं ना.”

“आणि मला रोजनिशी दिली.”

“पान कापलेली,” नेव्ह म्हणाला.

“मग चौथऱ्याला हो का म्हणालास?”

“नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, ग्लेन. आणि कारण माझ्याकडे साप सोडून काही नव्हतं.”

शनिवारपर्यंत काही करणार नाही, असं तो म्हणाला. निदान तिला तसं ऐकू आलं. बुधवारी तिने आंटी व्हर्नाचा नंबर काढून फ्रिजवर लावला. दोनदा फोनपर्यंत गेली. एकदा तर चार आकडे दाबले. मग आठवलं, कपडे वाळत घातलेत. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, हे ती मनात लिहीत होती आणि प्रत्येक वाक्यात तिला कंस लागत होते. उद्या सकाळी, तिने ठरवलं. डोकं ताजं असताना.

*

गुरुवारी सकाळी सात वाजता ती चहा घेऊन खिडकीशी उभी राहिली, आणि खाली कुराजोंगच्या कुरणावर धूळ दिसली.

वारा नव्हता. धूळ सरळ वर चढत होती, एका जागेवरून, एखाद्या चुलीचा धूर चढावा तशी. मग तिला इंजिन ऐकू आलं.

तिने स्लीपर घातल्या होत्या हे तिला गाडीत बसल्यावर कळलं. कुरणाचं फाटक उघडं होतं. ते फाटक कधी उघडं नसायचं. वाटेत दोन ठिकाणी खडीचे ताजे ढीग पडले होते. म्हणजे नेव्हने आदल्या दिवशीच खडी मागवली होती. म्हणजे ती फोनपाशी घुटमळत होती तेव्हाच. ती निम्म्यात पोचली तोवर इंजिन बंद झालं. अचानक, मधेच. काम संपल्यावर माणूस इंजिन बंद करतो तसं नव्हे.

कुराजोंग हिरवागार उभा होता. सगळं रान करपलं होतं आणि हे एक झाड असं, नुकतं धुतल्यासारखं. त्याच्या फांद्यांवर कावळे बसले होते, बरेच. एकही ओरडत नव्हता. लोडर दगडांच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून उभा होता. ढिगाऱ्याचं एक अंग निघालेलं होतं आणि खालची माती काळी, ओली दिसत होती. तीन महिने पाऊस नव्हता.

नेव्ह लोडरच्या केबिनमध्ये बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. टोपी मांडीवर. त्याने खाली उतरायचा प्रयत्नही केला नव्हता.

“नेव्ह.”

“वाटलं, दगड उचलतो, खडी पसरतो, दाबून टाकतो,” तो म्हणाला. समोरच्या काचेशी बोलत होता. “शनिवारी तू आलीस तर बघायला काही उरलंच नसतं. तुझ्या डोक्याचा ताप गेला असता. खरं सांगतो, तुझ्यासाठीच.”

ती पुढे गेली नाही. लांबूनच दिसत होतं. तिला एकदाच बघायचं होतं. एकदा बघितलं नाही तर पुढे कुणीतरी परत मेंढ्या म्हणेल, आणि तिला ते ऐकून घ्यावंसं वाटेल. म्हणून तिने पाहिलं.

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला मुलांची मापं नजरेने कळतात. पहिलीतलं कोण, तिसरीतलं कोण, पायरी चढताना कुणाला हात द्यावा लागेल आणि कुणाला नाही. ग्लेनिसने पाहिलं, आणि तिला मापं कळली.

तिने लोडरच्या चाकाला हात टेकवला. चाक गरम होतं.

“अकरा नाहीत, ग्लेन,” नेव्ह म्हणाला. त्याचा आवाज चिरकला नाही, काही नाही. बाजारभाव सांगावा तसा सपाट. “मी लोडरची बादली एकदाच घातली. एकदाच. आणि अकरा नाहीत.”

म्हणजे कंसाबाहेरचंही खोटंच होतं. अठरा वर्षं तिला वाटत होतं की आयझॅक निदान मोजण्यात खोटं बोलणार नाही.

“खाली उतर,” ती म्हणाली. “किल्ली मला दे.”

त्याने दिली. एवढा मोठा माणूस, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उतरला, आणि झाडाच्या सावलीत जायला लागला. मग थबकला. सावलीतून मागे सरला आणि टोपी घालून उन्हात उभा राहिला.

कुरणात फोन लागत नाही. त्यासाठी टेकाडावर जावं लागतं, पाण्याच्या टाकीपाशी. ग्लेनिस स्लीपर घातलेल्या पायांनी चढली. काटे रुतत होते. वरून सगळं दिसत होतं: नाला, झाड, पिवळा लोडर, लहानसा नेव्ह. आता पोलिसांना कळवावंच लागणार होतं. कायदाच आहे तसा. मग डेसला कळणार, मग दुकानात, पोस्टात, आणि चारशे माणसांना. आयझॅकचं नाव लावणाऱ्या एकेकाला. त्यांतले निम्मे तिला पुन्हा कधी घरात घेणार नाहीत, आणि नेव्हला त्याहून वाईट. तिने पोलिसांचा नंबर लावला नाही. फ्रिजवरचा नंबर तिला पाठ झाला होता. काल दिवसभर दुसरं केलंच काय होतं तिने?

“आंटी, मी ग्लेनिस बोलतेय.”

“बोल.”

“मी खोटं बोलले. दगड ठरले होते. तिथलेच ठरले होते.” तिला दम लागला होता. “नेव्हने हलवले. आज सकाळी. मी आधी सांगायला हवं होतं. मंगळवारी सांगायला हवं होतं. तो शब्द चुकीचा आहे. आकडाही चुकीचा आहे, आंटी, अकरापेक्षा जास्त...”

“मोजू नकोस,” आंटी व्हर्ना म्हणाली.

पलीकडे कुठेतरी रेडिओ चालू होता. तो कुणीतरी बंद केला. बऱ्याच माणसांची खोली एकदम गप्प होते, तसा आवाज आला.

“मोजायचं नाही. हात लावायचा नाही. आकडा आम्हाला ठाऊक आहे. नावंही ठाऊक आहेत.” मग, “पोलिसांना दहा मिनिटांनी कळव. आधी आम्ही निघतो. तू परत खाली जा आणि तिथं उभी राहा. कावळे आहेत?”

“आहेत.”

“त्यांना खाली उतरू देऊ नकोस. एवढं कर.”

“मी तिथं उभी राहिलेली चालेल तुम्हाला?”

पलीकडे कुणाच्या तरी गाडीचं दार वाजलं.

“चालेल की नाही, ते आल्यावर बघू,” आंटी व्हर्ना म्हणाली. “आत्ता दुसरं कुणी नाही ना तिथं.”

ग्लेनिसने दहा मिनिटं घड्याळ बघत काढली, मग पोलिसांना फोन केला, मग खाली उतरली. नेव्ह होता तिथेच होता. तिने त्याला कुंपणापाशी पाठवलं. स्वतः ढिगाऱ्याच्या उघड्या बाजूशी पाठ करून उभी राहिली, तोंड झाडाकडे, फांद्यांवर नजर. एक कावळा खाली झेपावला तेव्हा तिने पायातली स्लीपर काढून भिरकावली. तो परत वर जाऊन बसला. बाकीच्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिने दुसरीही काढून हातात धरली. पायाखालची माती गार होती आणि तिला पाय उचलायचा धीर होईना.

ऊन चढलं. लोडर थंड होताना आतून टकटक वाजत होता.

नाल्यापलीकडच्या रस्त्यावर धूळ उठली. ग्लेनिसने डोळ्यांवर हात धरला. एका गाडीची धूळ नव्हती ती. वळणावर पहिली गाडी दिसली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. आणि त्यांच्यामागे, जिथवर रस्ता दिसत होता तिथवर, धूळ चालत येत होती. घाई नव्हती तिला.

कुंपणापाशी नेव्हने टोपी काढली.